माथ्यावरचा सूर्य, १५ लाख किलोमीटरवरची दुर्बीण

सूर्याची अस्वस्थता ज्या प्रकाशात सर्वांत स्पष्ट दिसते, तो प्रकाश जमिनीपर्यंत पोचत नाही. लातूरला साधारण १३-१४ मेच्या सुमारास आणि नांदेडला त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सूर्य भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो. उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हा योग पुन्हा येतो, या खेपेला आधी नांदेडला आणि मग लातूरला. पण तेव्हा आभाळ भरलेले असते, आणि त्या दिवसांत ते भरलेले असावे असेच मराठवाड्यात सगळ्यांना वाटत असते. मेमधल्या त्या दुपारी सूर्यकिरण वातावरणातून सर्वांत जवळच्या वाटेने खाली उतरतात. तरीही त्यांतला ३०० नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा अतिनील भाग जवळजवळ सगळा वाटेतच संपतो. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असलेला ओझोन तो शोषून घेतो.

माणसाच्या कातडीला आणि शेतातल्या पिकाला हे उपकारक आहे; सूर्याच्या अभ्यासकाला अडचणीचे. डोळ्यांना दिसणारा सूर्यप्रकाश, म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा, सूर्याच्या दीप्तिगोलातून येतो. दीप्तिगोल म्हणजे सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग. त्याचे तापमान सुमारे ५५०० अंश सेल्सिअस. त्याच्यावर काही हजार किलोमीटर जाडीचा वर्णगोल आहे आणि वर्णगोलाच्या पलीकडे लाखो किलोमीटर पसरलेला, अतिशय विरळ किरीट. विस्तवापासून दूर जावे तसा गारवा वाढायला हवा. सूर्यावर उलटे घडते. किरीटाचे तापमान १० ते २० लाख अंशांवर जाते. ही ऊर्जा खालून वर नेमकी कोणत्या मार्गाने चढते, हा सौरभौतिकीतला अजून न सुटलेला प्रश्न आहे. दीप्तिगोलाचा वरचा भाग आणि वर्णगोल या मधल्या पट्ट्याचा बराचसा प्रकाश २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात येतो. म्हणजे ज्या जिन्याने ऊर्जा वर चढते तो जिना पाहायचा, तर ओझोनच्या वर जाण्यावाचून उपाय नाही.

या सगळ्या हालचालीच्या मुळाशी चुंबकत्व आहे. सूर्य घन गोळा नसल्यामुळे त्याचे सगळे भाग एका गतीने फिरत नाहीत. विषुववृत्ताजवळ एक फेरी सुमारे २५ दिवसांत पूर्ण होते, ध्रुवांजवळ ३० हून अधिक दिवस लागतात. या फरकामुळे आतल्या विद्युतभारित वायूबरोबर, म्हणजे प्लाझ्माबरोबर, ओढल्या जाणाऱ्या चुंबकीय रेषांना पीळ पडत जातो. चऱ्हाट वळताना पीळ जास्त झाला की मध्येच गाठ उसळते, तसे या रेषांचे जुडगे पृष्ठभाग फोडून वर येतात. ते जिथे बाहेर पडतात तिथे खालून येणारी उष्णता अडते, तेवढा भाग हजार-दीड हजार अंशांनी थंड पडतो आणि भोवतालच्या झगझगाटात काळा दिसतो. हाच सौरडाग. डागांमध्ये तीव्र चुंबकीय क्षेत्र असते हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये दाखवले. डागांची संख्या सरासरी ११ वर्षांच्या चक्राने वाढते-घटते. असे चक्र असते, हे मात्र त्याआधीच, १८४३ मध्ये, हाइनरिश श्वाबे या हौशी जर्मन निरीक्षकाने जाहीर केले होते. सध्याचे २५ वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि सूर्य कमाल अवस्थेत पोचल्याची घोषणा अमेरिकेच्या नासा आणि नोआ या संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये केली.

पिळलेल्या रेषा तुटून नव्याने जोडल्या गेल्या की साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते. ती प्रारणाच्या रूपात बाहेर पडली तर सौरज्वाला. क्ष-किरणांतल्या तेजावरून ज्वालांचे ए, बी, सी, एम आणि एक्स असे वर्ग केले आहेत; पुढचा वर्ग आधीच्याच्या दहापट. कधी ज्वालेबरोबर, कधी तिच्याशिवायही, किरीटातला अब्जावधी टन प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रासकट अवकाशात फेकला जातो. ज्वालेचा प्रकाश पृथ्वीवर ८ मिनिटे २० सेकंदांत पोचतो. फेकलेला प्लाझ्मा एक ते तीन दिवसांनी येतो, आणि खरा उपद्रव तोच करतो.

डाग जमिनीवरूनही दिसतात. मे २०२४ मधला १३६६४ क्रमांकाचा डागसमूह सुमारे दोन लाख किलोमीटर पसरलेला होता. ग्रहणाच्या चष्म्यातून तो दुर्बिणीशिवाय दिसत होता. (गाळणीशिवाय सूर्याकडे पाहणे हा डोळा गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे, दुर्बिणीतून तर क्षणात.) किरीट मात्र जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी फक्त खग्रास ग्रहणातच दिसतो, आणि त्याचा इतिहास मराठवाड्याच्या अंगणातून जातो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गला जमिनीला टेकली, करमाळ्याजवळच्या जेऊरवरून ईशान्येला सरकली आणि वऱ्हाडातल्या तळणीवरून नागपूरकडे गेली. जेऊर ते तळणी ही वाट मराठवाडा ओलांडल्याशिवाय पुरी होत नाही. विजयदुर्गला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर होते. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही. तळणीला एडवर्ड आणि ॲनी मॉन्डर हे दांपत्य होते. ॲनी यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने किरीटातल्या एका लांबच लांब प्रकाशपट्ट्याचे छायाचित्र घेतले, तोवर कोणी टिपला नव्हता इतका लांब पट्टा. मधला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मोठी पथके गेली ती त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, बंदरावर किंवा रेल्वेच्या स्थानकांलगत. जड नळ्या आणि आरसे बैलगाडीने लांब नेणे परवडणारे नव्हते.

ग्रहणाची काही मिनिटे सोडली तर उरलेल्या दिवसांचे काय, यावर उत्तर म्हणून कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली. तिच्या स्थापनेमागचे कारण मराठवाड्याच्या वाचकाला जवळचे वाटेल: दुष्काळ. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांबरोबर निजामाचा मुलूखही होरपळला. १८७७ मध्ये लॉकयर आणि विल्यम हंटर यांनी एका लेखात असा दावा केला की सौरडाग कमी असताना दक्षिण हिंदुस्थानात पाऊस कमी पडतो आणि दुष्काळ येतो. तसे असेल तर सूर्य पाहून दुष्काळाचा अंदाज करता येईल, या आशेने सरकारने सूर्याच्या नियमित निरीक्षणाला पैसा दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी कोडाईकनालला काम सुरू झाले. १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी तिथे सौरडागांच्या कडेने वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे शोधले. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकापासून कॅल्शियमच्या रेषेत घेतलेल्या तिथल्या छायाचित्रांचा साठा आजही जगभर वापरला जातो. पुण्याच्या वेधशाळेतली २० इंची दुर्बीणही पुढे तिथेच गेली.

दुष्काळाच्या अंदाजाची आशा मात्र फळली नाही. मराठवाड्याच्या स्मरणात राहिलेले दुष्काळ सौरचक्रावर मांडून पाहिले तर ते कुठेही पडतात. १८७७ चा काळ किमान अवस्थेच्या जवळचा होता. १९७२ चा दुष्काळ चक्र उतरत असताना आला. २०१४ आणि २०१५ ची पाठोपाठची कोरडी वर्षे कमाल अवस्थेच्या आसपासची होती, आणि त्यांच्याच पोटी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे न्यावी लागली. १८७७, १९७२ आणि २०१५ या वर्षांत समान गोष्ट होती ती प्रशांत महासागरातला तीव्र एल निनो. सौरडाग आणि मान्सून यांच्या धाग्यावर आजही शोधनिबंध निघतात, पण पेरणीचा निर्णय त्यावर सोडावा असे त्यांत काही नाही. चुकीच्या अपेक्षेतून उत्तम वेधशाळा उभी राहिली, एवढे श्रेय त्या लेखाला द्यायला हरकत नाही.

उपग्रहांवरून सूर्य पाहणे १९६० च्या दशकात सुरू झाले. १९६२ मध्ये ओएसओ-१ हा सूर्यासाठीचा उपग्रह गेला. १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवरच्या अंतराळवीरांनी क्ष-किरणांत आणि अतिनील प्रकाशात हजारो चित्रे घेतली. डिसेंबर १९९५ मध्ये निघालेले सोहो यान पृथ्वी-सूर्य रेषेवरच्या एल-१ बिंदूजवळ गेले आणि तिथून अखंड सूर्यदर्शन शक्य आहे हे त्याने सिद्ध केले. २०१० पासून नासाचे एसडीओ यान पृथ्वीभोवती फिरत सूर्याची चित्रे काही सेकंदांच्या अंतराने पाठवते. या सगळ्यांत एक जागा रिकामी राहिली होती. अतिदूर अतिनीलात, म्हणजे अतिशय आखूड तरंगलांबीत, पूर्ण सूर्यबिंब पाहिले जात होते. दृश्य प्रकाशातही पाहिले जात होते. मधल्या २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात संपूर्ण बिंबाची नियमित, बारीक तपशिलाची चित्रे नव्हती. ही जागा भरण्याचे काम पुण्याने घेतले.

भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५७ ने उडाले. १९ सप्टेंबरला त्याने पृथ्वीची कक्षा सोडली आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ते एल-१ भोवतीच्या प्रभाकक्षेत शिरले. हा बिंदू पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. अंतर मोठे वाटते, पण पृथ्वी ते सूर्य या १५ कोटी किलोमीटरच्या वाटेचा तो जेमतेम शंभरावा भाग. सूर्याच्या जवळ असलेला ग्रह किंवा यान एरवी पृथ्वीहून जलद फेरी मारेल. एल-१ वर पृथ्वीचे उलट दिशेचे ओढणे सूर्याच्या ओढीतून तेवढेच वजा होते की तिथली वस्तू बरोबर एका वर्षात सूर्याला फेरी घालते आणि पृथ्वीच्या पुढ्यातून हलत नाही. लातूरच्या अकरावी-बारावीच्या शिकवणी वर्गांत गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण शिकलेल्या कोणाही मुलाला हा हिशेब कागदावर मांडता येईल. यान नेमक्या बिंदूवर थांबत नाही, कारण तिथे त्याच्या मागे सूर्याचा रेडिओ गोंगाट येऊन संदेशच ऐकू येणार नाही. म्हणून ते बिंदूभोवती मोठा फेरा घेते. एका फेऱ्याला सुमारे १७८ दिवस लागतात. पहिला फेरा २ जुलै २०२४ रोजी पूर्ण झाला. या कक्षेत रात्र नाही, ग्रहण नाही, पावसाळा नाही.

यानावर सात उपकरणे आहेत. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे व्हीईएलसी तबकडीने सूर्यबिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडवते आणि किरीट पाहते. दोन उपकरणे क्ष-किरण मोजतात. तीन उपकरणे यानापाशी येऊन पोचलेला सौरवारा आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी तपासतात. सातवे सूट, म्हणजे सोलर अल्ट्राव्हायोलेट इमेजिंग टेलिस्कोप. ते पुण्याच्या आयुकात इस्रोच्या सहकार्याने तयार झाले. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश हे त्याचे प्रमुख संशोधक. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेली आयुका देशभरच्या विद्यापीठांसाठीची सामायिक संस्था आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या, मोठी दुर्बीण स्वतः उभारणे शक्य नसलेल्या ठिकाणच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राची दारे उघडावीत, या हेतूनेच अशा संस्थेची कल्पना पुढे आली होती.

सूटचा मुख्य आरसा जेमतेम १४१ मिलिमीटर व्यासाचा आहे; हौशी आकाशनिरीक्षकांकडे याहून मोठ्या दुर्बिणी असतात. पण ताऱ्यांसाठीच्या दुर्बिणीला प्रकाश गोळा करायचा असतो, सूर्यासाठीच्या दुर्बिणीला तो बाहेर ठेवायचा असतो. सूटच्या तोंडाशी औष्णिक गाळणी आहे. ती सूर्याच्या उष्णतेचा बहुतांश भाग परतवून लावते आणि फारच थोडा प्रकाश आत सोडते. तसे केले नाही तर आतले आरसे तापून प्रसरण पावतील आणि प्रतिमा विस्कटेल. पुढे गाळण्यांची दोन चाके आहेत. त्यांच्या जोड्या जुळवून ११ वेगवेगळ्या पट्ट्यांत चित्रे घेता येतात: तीन रुंद आणि आठ अरुंद. अरुंद पट्ट्यांपैकी २७९.६ आणि २८०.३ नॅनोमीटरच्या आयनीभूत मॅग्नेशियमच्या दोन रेषा वर्णगोल दाखवतात. ३९६.८५ नॅनोमीटरची कॅल्शियमची रेषा जमिनीवरूनही दिसते. कोडाईकनालची काचांवरची जुनी छायाचित्रे तिच्याच जोडीच्या रेषेतली आहेत, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा सूर्य आणि आजचा सूर्य एका मापाने ताडता येतो. प्रकाश शेवटी ४०९६ गुणिले ४०९६ चित्रबिंदूंच्या संवेदकावर पडतो.

अतिनील प्रकाशासाठी दुर्बीण बांधताना सर्वांत मोठा शत्रू उष्णता नाही, मळ आहे. गोंद, तेल, रंग, प्लॅस्टिक यांतून निर्वातात सुटणारे रेणू आरशावर बसले तर डोळ्याला काहीच दिसत नाही, पण अतिनील प्रकाश त्यांत शोषला जातो. शिवाय सूर्याच्या अतिनील माऱ्याने तो थर भाजून आरशावर कायमचा चिकटतो. म्हणून प्रत्येक भाग आधी निर्वातात तापवून त्यातले रेणू काढून टाकतात आणि जोडणी अतिस्वच्छ कक्षात करतात. या कामाची चर्चा फारशी होत नाही. उड्डाणाच्या दिवशी टाळ्या वाजतात. त्याआधीची वर्षे पुसण्यात आणि तपासण्यात गेलेली असतात.

दुर्बिणीतून निघणारी सगळी चित्रे पृथ्वीवर पाठवणे शक्य नसते, कारण १५ लाख किलोमीटरवरून येणाऱ्या संदेशाची नळी अरुंद आहे. त्यामुळे काय पाठवायचे हे सूट काही प्रमाणात स्वतः ठरवते. यानावरच्या क्ष-किरण उपकरणांनी ज्वालेची चाहूल दिली की पूर्ण बिंब सोडून ज्वालेचा तेवढाच तुकडा भराभर टिपायचा, असा आदेशक्रम त्यात भरलेला आहे. पूर्ण बिंबाची पहिली चित्रे डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. यान तेव्हा एल-१ ला पोचलेही नव्हते. २२ फेब्रुवारी २०२४ ला ६.३ तीव्रतेची एक्स वर्गातली ज्वाला भडकली. ही ज्वाला दीप्तिगोलापासून वर्णगोलापर्यंतच्या थरांत कशी उमटली ते सूटने टिपले, आणि तिच्याबरोबर उसळलेला तप्त प्लाझ्माचा गोळाही. वरच्या किरीटात मोकळी झालेली ऊर्जा खालच्या थरांत नेमकी कोणत्या बिंदूंवर येऊन आदळते, हे जवळच्या अतिनीलात इतक्या तपशिलाने आधी दिसले नव्हते. त्यावरचा शोधनिबंध २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला.

१३६६४ हा डागसमूह त्या ज्वालेनंतर सुमारे अडीच महिन्यांनी आला. मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात त्यातून एकामागून एक ज्वाला आणि प्लाझ्माचे लोट निघाले. मागचे जलद लोट पुढच्यांना गाठून एकत्र झाले आणि १० मे रोजी पृथ्वीवर २००३ नंतरचे सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ सुरू झाले. त्या रात्री लडाखमधल्या हानले येथे आकाश तांबूस झाल्याची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. १४ मे रोजी याच समूहातून ८.७ तीव्रतेची एक्स ज्वाला निघाली. तोवर तो सूर्याच्या कडेला गेला होता, म्हणून पृथ्वीला तिचा मोठा तडाखा बसला नाही. आदित्यच्या क्ष-किरण उपकरणांनी या दिवसांतल्या ज्वाला दुरून टिपल्या आणि यानाने अंगावरून गेलेला सौरवारा मोजलाही. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाचा वारा एल-१ वरून पृथ्वीपर्यंत यायला तासभर घेतो, हजार किलोमीटर वेगाचा लोट २५ मिनिटे. इशाऱ्यासाठी हाती असलेला वेळ एवढाच.

या सगळ्याचा नांदेड-लातूरशी संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. उन्हाशी संबंध जवळजवळ नाही. सूर्याकडून पृथ्वीवर येणारी एकूण ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट आहे आणि पूर्ण चक्रात ती साधारण ०.१ टक्क्याने बदलते. ४४ अंशांची दुपार सौरडागांमुळे होत नाही. शेतातला सौर पंप डागांच्या वर्षी जास्त पाणी उपसत नाही, ढग आणि पॅनलवरची धूळ त्याचा निकाल लावतात. अतिनीलाचे गणित मात्र वेगळे आहे. २०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश चक्रागणिक काही टक्क्यांनी बदलतो. २४२ नॅनोमीटरहून आखूड किरण ऑक्सिजनचे रेणू फोडून ओझोन घडवतात, त्याहून लांब किरण ओझोन मोडतात. माथ्यावरचे छत किती जाड राहील हे या दोघांच्या तोलावर अवलंबून आहे, आणि सूटची मोजणी हवामानशास्त्राला उपयोगी पडते ती इथे.

दुसरा संबंध आयनांबराचा. सूर्याचे आणखी आखूड अतिनील किरण आणि क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतले अणू फोडून इलेक्ट्रॉन मोकळे करतात. उपग्रहांकडून येणारे जीपीएसचे आणि भारताच्या नाविक प्रणालीचे संदेश या थरातून येताना रेंगाळतात. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारतात तिरुनेलवेलीजवळून जाते. दिवसा तिथून इलेक्ट्रॉन वर उचलले जाऊन उत्तरेला, मध्य भारत आणि गुजरातच्या पट्ट्यावर, येऊन साचतात. नांदेड-लातूर इलेक्ट्रॉनांच्या या चढत्या उतारावर आहेत. जगातल्या सर्वांत चंचल आयनांबराच्या प्रदेशात त्यांची गणना होते. सौर कमालाच्या वर्षी अशा अक्षांशांवर दुपारी इलेक्ट्रॉनांचे प्रमाण १०० एककांवर जाऊ शकते, आणि प्रत्येक एकक साध्या जीपीएस संदेशात सुमारे १६ सेंटिमीटरची चूक घालते. म्हणजे १६ मीटर. मराठवाड्यात बांधाच्या एका फुटावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चालतात. भूमी अभिलेख विभागाची मोजणी आता साखळीऐवजी उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या रोव्हर यंत्राने होते. स्थिर संदर्भ केंद्रांच्या जाळ्यातून मिळणारी दुरुस्ती आणि दोन वारंवारतांचे संदेश वापरून रोव्हर ती चूक सेंटिमीटरांवर आणतो. पण वादळाच्या दिवशी आयनांबर इतके झपाट्याने बदलते की दुरुस्ती मागे पडते आणि यंत्राला जागा पक्की करायला वेळ लागतो. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, संदेश लुकलुकायला लागतात. सौर कमालाच्या वर्षांत हे जास्त घडते.

विजेच्या जाळ्याला असलेला धोका इथे कमी आहे. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे ६० लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात गेले. महाराष्ट्र चुंबकीय ध्रुवांपासून फार दूर असल्याने तसे प्रवाह इथल्या तारांत सहसा निर्माण होत नाहीत. सहसा म्हणायचे कारण मुंबईच्याच नोंदवहीत आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी डागांच्या समूहावर पांढरी झळाळी पाहिली. दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकाने आडव्या क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण दाखवली. मे २०२४ च्या वादळात जगभरच्या सरासरीने झालेली घसरण ४०० च्या आसपास होती. १८५९ च्या त्या भीषण वादळाच्या तीव्रतेचा जगातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आजही कुलाब्याचाच मानला जातो. ४ फेब्रुवारी १८७२ च्या आणखी एका वादळात तर मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवण्याची तयारी झाली. ती आजही तिथे चालू आहेत.

लातूरशी असलेला तिसरा संबंध जमिनीच्या पोटातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर काही तासांत, किल्लारीचा ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दक्षिणेचे पठार स्थिर मानले जात होते. मग भूकंप कशामुळे, हे शोधायला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधन घेतले. ३३८ मीटरपर्यंत काळा बेसाल्ट लागला, त्याखाली आठ मीटर गाळाचा खडक आणि मग जुना स्फटिकी पाया. विंधन जिथे संपते त्याच्या कितीतरी खाली भूकंपाची नाभी होती. तिथवर पाहण्यासाठी मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत वापरली गेली. सौरवारा पृथ्वीच्या चुंबकावरणावर आदळून त्याला सतत हेलकावे देतो. त्या हेलकाव्यांनी जमिनीत अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह वाहतात. शेतात पुरलेल्या विद्युतअग्रांनी आणि चुंबकीय वेटोळ्यांनी हे प्रवाह मोजले की कोणत्या खोलीवरचा खडक वीज किती वाहू देतो ते काढता येते. हेलकावा जितका संथ तितका तो खोल जातो. काही सेकंदांहून संथ हेलकाव्यांचा उगम सूर्याकडे असतो, जलद हेलकाव्यांचा जगभर कोसळणाऱ्या विजांकडे. सूर्य शांत असला की संकेत मंदावतो आणि यंत्रे जास्त दिवस शेतात ठेवावी लागतात. किल्लारीखाली या मोजणीत काही किलोमीटर खोलीवर वीज सहज वाहू देणारा पट्टा सापडला. खडकाच्या भेगांत अडकलेले द्रव, असा त्याचा अर्थ याच संस्थेचे हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या निबंधात लावला. अशा द्रवाने भेगेवरचे घर्षण कमी होऊन ती सरकू शकते. बेसाल्टच्या आड दडलेला किल्लारीचा पाया शास्त्रज्ञांना दिसला तो असा, सूर्याच्या खळबळीच्या साहाय्याने.

आदित्यची निरीक्षणे जानेवारी २०२५ पासून इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर खुली आहेत. इंटरनेट आणि साधा संगणक असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाला सूटची मूळ चित्रे उतरवून घेता येतात. त्यासाठी वेगळी दुर्बीण लागत नाही, प्रतिमा वाचायला शिकवणारा शिक्षक लागतो. यानाचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे आहे. म्हणजे सूट २५ व्या चक्राची कमाल अवस्था पाहून आता त्याची उतरण पाहत आहे, आणि चक्र तळाला पोचण्याच्या सुमारास ठरलेली मुदत संपेल. सोहोलाही सुरुवातीला काही वर्षांचीच मुदत होती. ते यान पंचवीस वर्षांहून जास्त काम करत राहिले. सूटच्या बाबतीत उत्तर इंधनापेक्षाही आरशांवर किती मळ बसतो आणि संवेदक अतिनील मारा किती काळ सोसतो यावर ठरेल, आणि त्याची मोजदाद प्रत्येक चित्राबरोबर चालूच असते.